दुसरं सॅम्पल

पुन्हासाहेबांनी काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि एक डोळा मिटून आत बघितलं. मग दुसरा डोळा मिटून बघितलं. नळीत खाली रक्ताचा गडद थर बसला होता आणि वर पिवळसर, नितळ पाणी होतं. त्यात लालसर झाक असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नव्हती. तरी त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली आणि दिवसातून दहा वेळा म्हणत तेच म्हणाले.

"पुन्हा घ्या."

या शब्दापायीच सगळी लॅब त्यांना पुन्हासाहेब म्हणायची. तोंडावर नाही, पण ते त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

समोर उभी असलेली बाई गेली बावीस वर्षं याच लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होती. ज्यांच्या शिरा सुई बघून गडप होतात, जे खुर्चीत बसायच्या आधीच घामाघूम होतात, असे लोक दारातच विचारायचे, हलक्या हाताच्या बाई आहेत का आज? त्या हाताला आज कोणी तरी नावं ठेवत होतं, म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

भानगड आकड्याची होती. पोटॅशियम सहा पूर्णांक सहा. साडेतीन ते पाच असायला हवं. साडेपाचच्या वर गेलं तर डॉक्टर फोन करतात, साडेसहाच्या वर गेलं तर हृदयाची लय कधी बिघडेल ते सांगता येत नाही. पण लॅबमध्ये असा आकडा आला की कोणी घाबरत नाही. सुई ओढूनताणून लावली, पिस्टन जोरात खेचला, नळी हलवली की रक्तातल्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा उगाच फुगतो. दहांतले आठ मोठे आकडे असेच खोटे निघायचे. म्हणून नियम होता, सहाच्या वर गेलं की आधी दुसरं सॅम्पल, मग रिपोर्ट. हा नियम तिनेच नव्या मुलींना कित्येकदा शिकवला होता.

"पेशी फुटलेल्या नाहीत," ती म्हणाली. "रंग बघा ना."

पुन्हासाहेबांचं म्हणणं, रंगावर काय जाता, मूठ आवळून धरली तरी आकडा वर जातो. पट्टा जास्त वेळ बांधला तरी जातो. पेशंटने मूठ आवळली होती का?

पेशंटने मूठ आवळली होती. पेशंट तिची सासू होती आणि पंधरा वर्षं दर वेळी मूठ आवळतच आली होती.

सासूबाईंचं रक्त घरातच घ्यायचं, सहा महिन्यांतून एकदा, हा शिरस्ता होता. दर वेळी तेच. सासूबाई आधी खुर्ची बदलायच्या, मग हात बदलायच्या, मग लढाईला निघाल्यासारखी मूठ वळायच्या, आणि सुई आत गेली न गेली तोच "आई गं!" म्हणून असा सूर लावायच्या की शेजारची खिडकी उघडायची. वर शेवटी ठरलेलं वाक्य. तुझा हात जड आहे. ज्या हातासाठी लोक लांबून यायचे, त्याला घरात ही किंमत होती. सून एकदाही "बरं" म्हणाली नव्हती. माझा हात जड नाही, हे ती कापूस दाबता दाबता दर वेळी सांगायची आणि सासूबाई दर वेळी कापसाकडे बघत नाक मुरडायच्या.

या वेळचं रक्त मात्र ठरलेल्या दिवसाचं नव्हतं. दोन दिवस सासूबाई म्हणत होत्या, पायांतलं बळ गेलंय. जिना चढताना मध्येच बसल्या. सुनेने आज सकाळी कामावर येताना कोणाला न विचारता रक्त काढलं आणि साखर, हिमोग्लोबिन, क्षार असं सगळंच लावलं. साखर ठीक होती. बाकी ठीक होतं. एकाच आकड्याने घात केला होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत जेवढं जग मावेल तेवढंच ऐकायचा. त्याने ऐकलं आणि विचारलं, म्हणजे चुकीचं घेतलं गेलं का? तिने सांगितलं, नाही. मग पुन्हा कशाला घ्यायचं? नियम आहे म्हणून. म्हणजे चुकलं असेल ना काही तरी, असं म्हणून तो संध्याकाळी बघू म्हणाला आणि घंटा वाजली. बावीस वर्षांची नोकरी, आणि घरच्या माणसालाही नियमावर जास्त भरवसा.

मग तिने दवाखान्यात फोन केला. सासूबाईंना आठवड्यापूर्वी लघवीची जळजळ होत होती, तेव्हा त्यांना तिथेच नेलं होतं. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, बदलीवर एक तरुण डॉक्टर होता. सासूबाईंनी सुनेला दाराबाहेर बसवलं होतं. असल्या गोष्टी तुझ्यादेखत सांगायच्या का, म्हणून. आत काय बोलणं झालं ते सुनेला ठाऊक नव्हतं, फक्त बाहेर येताना हातात अँटिबायोटिकची चिठ्ठी होती. आता फोनवर काउंटरवरच्या बाईने तिला थांबवून ठेवलं, संगीत ऐकवलं, आणि शेवटी निरोप दिला की डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट पाठवा, मग सांगतो. रिपोर्ट लॅब देत नाही, दुसरं सॅम्पल लागेल. मग दुसरं सॅम्पल घ्या आणि रिपोर्ट पाठवा. तिने फोन ठेवला तेव्हा पुन्हासाहेब दुसऱ्या कुणाची तरी नळी उजेडात धरून उभे होते.

"मी घरी जाऊन येते," ती म्हणाली. "मशीन मोकळं ठेवा."

घर दोन गल्ल्यांवर होतं. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा पत्रावर. वाचत नव्हत्या. सुनेच्या हातातली पेटी दिसताच त्यांनी दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

"सकाळी दिलं ना रक्त?"

"पुन्हा लागतंय."

"का? सांडलं?"

तिने समजावून सांगितलं. पोटॅशियम, हृदय, खोटा आकडा, खरा आकडा. सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि त्यातून आपल्याला हवं तेवढं उचललं. म्हणजे सकाळी तुझ्या हातून नीट झालं नाही. मी तेव्हाच म्हणत होते.

तिने ते सोडून दिलं आणि विचारलं, कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? एकच, सासूबाई म्हणाल्या, ती डॉक्टरने दिलेली मोठी पांढरी. सून उठून आत गेली. स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी सासूबाईंचा बिस्किटांचा जुना डबा असायचा. त्यात मोठ्या पांढऱ्या गोळ्यांची पट्टी होती, अर्ध्याहून जास्त संपलेली. तिच्याखाली रक्तदाबाची गोळी होती. आणि त्याखाली ती छोटी, पायांवरची सूज उतरवणारी, हृदयाच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी दिलेली. ती चालू झाली तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, हिने पोटॅशियम वाढू शकतं, अधूनमधून तपासत जा. म्हणून तर आधी वर्षातून एकदा घ्यायचं रक्त सहा महिन्यांवर आलं होतं.

तिने डबा आणून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना, काही औषधं चालू आहेत का?"

"विचारलं."

"काय सांगितलंत?"

"नाही म्हटलं."

"आणि ह्या?"

सासूबाईंनी डब्यात बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं, आणि त्या आश्चर्याने सुनेवर कपाळाला हात लावायची पाळी आणली.

"ह्या काय औषधं आहेत? ह्या रोजच्या आहेत."

चार वर्षं सकाळच्या चहाबरोबर गिळल्यावर गोळी औषध राहत नाही, ती चहाचाच भाग होते, असा त्यांचा सरळ हिशोब होता. औषध म्हणजे आजारपणात घ्यायचं ते. सुनेला ओरडावंसं वाटलं. बाहेर बसवलं नसतंत तर मी सांगितलं असतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सासूबाई डबा बंद करायला गेल्या आणि झाकण लागेना. त्यांनी दोनदा दाबलं, मग तसंच सोडून हात मांडीवर ठेवला. ते झाकण इतकी वर्षं त्या एका बोटाने लावत आल्या होत्या.

सुनेने झाकण लावून डबा बाजूला ठेवला.

आपण सरळ हॉस्पिटलमध्ये जाऊ, ती म्हणाली. सासूबाई नाही म्हणाल्या. एक सुई चुकली म्हणून हॉस्पिटलात? तुझ्या साहेबाला पटत नाही, डॉक्टरला पटत नाही, माझ्या लेकालाही पटलं नसणार, आणि मी मात्र खाटेवर जाऊन पडायचं? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. जगातला एकही माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. बरं, मग रक्त तरी द्या. तेही नाही. दोन वेळा टोचून घ्यायला मी काय पिनकुशन आहे? उद्या दुसऱ्या कोणाला तरी पाठव, ज्याचा हात हलका आहे त्याला. सासूबाईंनी मूठ वळली आणि बाही आणखी खाली ओढली.

सुनेने या बाईपुढे पंधरा वर्षांत अनेक गोष्टींत माघार घेतली होती. पडद्यांच्या रंगात, पाहुण्यांच्या खोलीत, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं त्यात. हात तेवढा राखला होता. तो तिच्या मालकीचा होता, त्यावर तिचं पोट होतं आणि तिचा सगळा मान होता. ती खाली बसली, सासूबाईंच्या गुडघ्यांपाशी, आणि पेटीचं कुलूप काढत म्हणाली,

"आई, माझा हात जडच आहे. सकाळी माझंच चुकलं. नीट घेता आलं नाही मला. एकदा द्या, परत नाही मागणार."

बोलताना तिने मान वर केली नाही. सासूबाई काही बोलतील, विजयाने काही तरी पुटपुटतील, असं तिला वाटलं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने तिच्या पुढ्यात हात आला, बाही आपणहून कोपरापर्यंत सारलेली.

तिने पट्टा बांधलाच नाही. पट्ट्याशिवाय शीर बोटाने शोधली, ते तिला जमत होतं.

"मूठ सोडा."

"सोडली आहे."

खरंच सोडली होती. बोटं तिच्या तळहातावर मोकळी पडली होती. एवढ्या वर्षांत तिने तो हात कधी उघडा पाहिला नव्हता. सुई आत गेली. खिडकी उघडावी लागेल असा काही आवाज झाला नाही. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, सुईकडे नाही, आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही. आई गं नाही, जड नाही, काही नाही. तिने एकदा वर पाहिलं आणि सुई काढून घाईने कापूस दाबला.

बाहेर पडायच्या आधी तिने नवऱ्याला फोन केला. तास चालू होता तरी लावत राहिली आणि त्याने उचलल्यावर म्हणाली, आत्ताच्या आत्ता घरी येऊन आईंजवळ बस, गाडी घेऊन ये. तो का म्हणून विचारायला लागला. मी कधी तुला वर्गातून बोलावते का, एवढंच तिने विचारलं. तो दहा मिनिटांत पोचला, हातात खडू तसाच.

नळी हलता कामा नये आणि उशीरही होता कामा नये. दोन गल्ल्या ती पळालीही नाही आणि चाललीही नाही. नळी हातरुमालात गुंडाळून छातीशी उभी धरली होती. रस्त्यात कोणा ओळखीच्या बाईने हाक मारली, तिने हात केला नाही. लॅबमध्ये मशीन मोकळं होतं. पुन्हासाहेबांनी तेवढं मात्र केलं होतं.

नळी दहा मिनिटं यंत्रात गरगरत राहिली. त्या दहा मिनिटांत तिने मनापासून एक गोष्ट मागितली, जी बावीस वर्षांत कधी मागितली नव्हती. रंग लाल येऊ दे. पेशी फुटलेल्या असू देत. माझा हात खरंच जड असू दे, जन्मभर ऐकून घेईन. यंत्र थांबलं, तिने झाकण उघडलं आणि नळी उजेडात धरली. वरचं पाणी पिवळं, नितळ होतं. इतकं सुरेख सॅम्पल तिने कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं.

आकडा आला सहा पूर्णांक नऊ.

पुन्हासाहेबांनी कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर नेला नाही. त्यांनी स्वतः दवाखान्याला फोन लावला, मग तो मध्येच ठेवून सरळ हॉस्पिटलचा नंबर फिरवला आणि आकडा दोनदा सांगितला. पलीकडून कोणी तरी विचारलं असावं, सॅम्पल नीट होतं ना? पुन्हासाहेब खेकसले.

"बाईंनी घेतलंय. नीटच आहे."

हे ऐकायला ती तिथे नव्हती. ती जिन्यात उभी राहून नवऱ्याला सांगत होती, निघ, मी तिथेच येते.

हॉस्पिटलमध्ये हृदयाचा आलेख काढला आणि तो बघून डॉक्टरीणबाईंनी पुढचं बोलणं चालता चालता केलं. आधी कॅल्शियमचं इंजेक्शन, मग सलाइन, त्यात इन्सुलिन आणि साखर. ती पांढरी गोळी बंद, छोटीही बंद. नंतर निवांत झाल्यावर त्यांनी समजावलं, हे अँटिबायोटिक मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकू देत नाही. एरवी तरुण माणसाला फारसं कळतही नाही. पण वय झालेलं, त्यात ती सूज उतरवणारी गोळीही तेच करणारी, रक्तदाबाचीही त्यातलीच. तिघींनी मिळून दार लावून घेतलं. उद्यापर्यंत थांबला असतात तर काय झालं असतं ते मी सांगत नाही, असं म्हणून त्यांनी विचारलं, यांनी गोळ्यांचं सांगितलं नव्हतं का कुणाला? नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा साडेपाचावर आला आणि सासूबाईंच्या अंगात बळ आलं, म्हणजे तोंडातही आलं. सून चारला पोचली तोवर सबंध वॉर्डाला ठाऊक झालं होतं की या बाईंची सून रक्त काढायचं काम करते आणि तिचा हात जड आहे. पलीकडच्या खाटेवरच्या आजी तिच्याकडे सहानुभूतीने बघत होत्या. तिने स्वतः कबूल केलंय, सासूबाई त्यांना सांगत होत्या, माझ्यासमोर बसून. सुनेने पिशवी खाटेवर आपटली. असंच होणार हे तिला ठाऊक होतं. एकदा बोललेलं आता जन्मभर निघणार.

एवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली. संध्याकाळचं सॅम्पल घ्यायचं होतं. सासूबाईंनी हात पांघरुणात घातला.

"ही आली आहे ना. हिला घेऊ दे."

नर्सने सुनेला लॅबमधल्या ओळखीने हसून ट्रे दिला आणि पुढच्या खाटेकडे वळली. सून खुर्ची ओढून बसली. रागात होती, तरी बोटं शीर शोधत होती.

"जड हाताची कशाला हवी?" ती म्हणाली. "तिचा हलका असेल."

"असेल."

"आणि सगळ्या वॉर्डाला सांगायची काय गरज होती?"

सासूबाई छताकडे बघत होत्या. मग आवाज खाली आणून, पलीकडच्या आजींना ऐकू जाणार नाही असा, म्हणाल्या,

"पंधरा वर्षांत एकदा तरी कबूल केलं होतंस? कालच केलंस. तेव्हाच मला कळलं, आपलं काही खरं नाही."

काल त्या एक शब्दही का बोलल्या नव्हत्या, ते सुनेला आत्ता कळत होतं.

"मूठ सोडा," ती म्हणाली.

सासूबाईंनी मूठ आवळली.

"आई, सोडा. आकडा वाढेल."

"तू आधी सांग, हात जड आहे की नाही?"

"नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि मूठ सोडली. सुई आत गेली तेव्हा त्यांनी असा सूर लावला की टोकाच्या खाटेवरचं माणूस उठून बसलं.